पाठीवरचं अक्षर

चोवीस वर्षं मी पॅनेलच्या पाठीमागे बसून काम केलं. आमच्या कारखान्यात आधी रेडिओ आणि ॲम्प्लिफायर बनायचे, पुढे कसली कसली यंत्रं बनायला लागली, पण वायरिंगच्या आम्हा बायकांसमोर ती सगळी कायम पालथी यायची. चकचकीत पट्टी, आकडे, बटणं हा सगळा थाट गिऱ्हाइकासाठी पुढच्या बाजूला. आमच्या वाट्याला पाठ. पाठीमागे तारा कशा जातात, कुठली तार कुठल्या पायाला जोडायची, एवढंच आम्ही बघायचो. मी जोडलेला रेडिओ समोरून कसा दिसतो हे मी पहिल्यांदा दुकानाच्या काचेतून पाहिलं, तेही दोन वर्षांनी.

या कामानं माझं उजवं-डावं कायमचं बिघडलं. पाठीमागून जे माझ्या उजव्या हाताला, ते समोर उभ्या माणसाच्या डाव्या हाताला. कुणी म्हणालं, नॉब उजवीकडे फिरवा, की माझ्या डोळ्यांपुढे तो डावीकडे फिरतो. रिक्षावाल्याला रस्ता सांगताना मी अजूनही आधी हात बाहेर काढते आणि मग तोंड उघडते. घरचे यावरून माझी चेष्टा करतात. करू देत. घरच्यांना दुसरा उद्योग नाही.

कारखान्यानं आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा नक्की कुणाची होती ते विचारू नये. सदाशिव पेठेतल्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीत मी एक टेबल मांडलं, सोल्डरिंग आयर्न घेतलं, मीटर घेतला आणि दुरुस्तीची कामं सुरू केली. आमचे हे तेव्हा नुकतेच कारकुनीतून निवृत्त झाले होते. त्यांनी आपली खुर्ची गॅलरीत नेली. तिथून येणाऱ्या-जाणाऱ्यावर आणि माझ्यावर ते शेरे मारत बसत.

आधी गाण्याच्या क्लासचे माइक आले, मग कुणाचा कीबोर्ड, मग गिटारवाली मुलं यायला लागली. गिटारमध्ये फार काही नसतं. जोडणीच्या चार तारा, नॉबखालचे दोन-तीन कंट्रोल आणि एक पिन घालायचं भोक. पण गल्लीतले दुरुस्तीवाले सोल्डरचा इतका ओबडधोबड डाग द्यायचे की महिन्यात खरखर परत सुरू. माझा डाग गोल, चकचकीत आणि कायमचा. माझ्याकडून गेलेली वस्तू परत आली नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. हे गॅलरीतून म्हणायचे, "हिच्या डागावर अजून डाग पडलेला नाही." कौतुक होतं की टोमणा, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी कौतुक म्हणून घ्यायची.

मी गोड बोलणारी नव्हे. "काकू, जरा बघता का?" असं कुणी म्हणालं की मी सांगायची, "जरा बघून काही होत नाही. ठेवून जा." तरी लोक यायचे.

ती मुलगी अशीच एका शनिवारी सकाळी आली. पाठीवर तिच्याहून उंच दिसणारी काळी पिशवी, हातात हेल्मेट. विश्रांतवाडीच्या पुढे पूर्वी गाव होतं आणि आता सोसायट्या झाल्यात, तिथली. वडलांची थोडी शेती उरली होती, ती स्वतः एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. वय चोवीस-पंचवीस. तिनं पिशवीतून बेस गिटार काढून टेबलावर ठेवली. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती वेगळी ऐकू येत नाही, पण काढली तर गाण्याखालची जमीन गेल्यासारखं होतं. मला तोवर एवढंच माहीत होतं. ती हातात घेतली आणि मला काहीतरी खटकलं. मग कळलं, ती डावखुऱ्या माणसासाठी बनवलेली होती.

"काकू, ॲक्च्युअली खराब काही नाहीये," ती म्हणाली. "मला ना, हे व्हॉल्यूम उलटं करून हवंय. उजवीकडे फिरवलं की वाढतं. मला डावीकडे फिरवल्यावर वाढायला पाहिजे."

"कुणाच्या डावीकडे?"

"म्हणजे?"

"तू गिटार गळ्यात घालून वरून बघणार. ऐकणारा समोरून बघणार. मी मागून बघणार. तिघांचं डावीकडे वेगळं. कुणाचं सांगतेस?"

ती हसली. बहुतेक लोक इथे चिडतात. मग तिनं सगळं नीट सांगितलं आणि मला ते फार आवडलं. तिचे सर उजव्या हातानं वाजवणारे. शिकवताना ते समोर बसायचे आणि ती त्यांच्यासमोर, त्यामुळे दोघांच्या गिटारी आरशातल्यासारख्या दिसायच्या. सरांच्या गिटारची दांडी ज्या बाजूला, तिचीही त्याच बाजूला. त्यांचं बोट वर गेलं की हिचं वर. ती उजवं-डावं न शिकता नुसतं समोर बघून सगळं शिकली. फक्त एक गोष्ट आरशात बसायची नाही. सर नॉब दांडीच्या दिशेनं ढकलायचे आणि त्यांचा आवाज वाढायचा. ही तसाच ढकलायची आणि हिचा आवाज कमी व्हायचा.

"विचार करायला वेळ असला तर येतं हो," ती म्हणाली. "पण घाईत माझा हात सरांसारखाच जातो."

"मग डावीकडे-उजवीकडे कशाला म्हणतेस? दांडीकडे ढकललं की वाढायला हवं, असं म्हण. मग मागून बघा नाहीतर झाडावर चढून बघा, दांडी दांडीच्याच जागी राहते."

"हो की," ती म्हणाली. गॅलरीतून ह्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, ते जरा जोरात. मला माझाच अभिमान वाटला. चोवीस वर्षं उजव्या-डाव्यानं छळलं होतं आणि त्या सकाळी मी त्याच्यावर मात केली, असं वाटलं.

तिला घाई होती त्याचं कारणही तिनं सांगितलं. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करणारा एक ऑर्केस्ट्रा होता. त्यांचा बेस वाजवणारा परगावी गेला होता. चालकांनी हिला एका कार्यक्रमात वाजवायला बोलावलं होतं. तो चांगला गेला तर जागा तिची. मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं असं होतं की आधी सगळं शांत, आणि त्या शांततेतून बेसचा एकच सूर हळूहळू वर यायचा, मग गाणाऱ्या बाईंचा आवाज. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडायची आणि त्याच हाताच्या करंगळीनं नॉब हलकेच पुढे न्यायचा. "तेवढंच नीट जायला पाहिजे," ती म्हणाली. "बाकी मला येतं."

दुपारी मी गिटारचं मागचं झाकण उघडलं आणि हसले. बाहेरून डावी, आतून उजवीच. बनवणाऱ्यानं लाकूड उलटं कापलं होतं, तारा उलट्या लावल्या होत्या, आणि आत कंट्रोल मात्र इतर सगळ्या गिटारीत असतात तेच, तसेच जोडून दिले होते. डावखुऱ्या माणसाचं कोडकौतुक झाकणापर्यंतच. मला त्या कारखान्यातल्या वायरिंगच्या बायका दिसल्या. हातात एकच ड्रॉइंग, समोर पालथं लाकूड. डावं काय, उजवं काय, आपल्याला काय त्याचं.

कंट्रोलला तीन पाय असतात. एका टोकाच्या पायानं आवाज आत येतो, दुसऱ्या टोकाचा पाय अर्थिंगला जोडलेला असतो, आणि मधल्या पायानं हवा तेवढा आवाज बाहेर जातो. दिशा उलटी करायची तर टोकांच्या दोन तारांची अदलाबदल करायची. दहा मिनिटांचं काम. मी जुना डाग शोषून काढला, तारा बदलल्या, नवे डाग दिले. मीटर लावून पाहिलं. एका टोकाला पूर्ण बंद, दुसऱ्या टोकाला पूर्ण चालू. दांडीकडे ढकललं की चालू. झाकण लावलं.

आम्हाला कारखान्यात असंच शिकवलेलं. वायरिंगवालीनं जोडणी तपासायची. या टोकाला बंद, त्या टोकाला चालू, की पुढे ढकलायचं. मधे काय होतं ते ऐकायला टेस्टिंगचा वेगळा विभाग होता. तिथे कानाला हेडफोन लावलेली माणसं बसायची आणि आम्ही त्यांना निवांत माणसं म्हणायचो. माझ्या पुढच्या खोलीत टेस्टिंगचा विभाग नव्हता, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मुलगी कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसातून परस्पर आली. माझ्याकडे ॲम्प्लिफायर होता, पण तिला अजून तालमीला पोचायचं होतं. तिनं नॉब दोनदा या टोकाहून त्या टोकाला फिरवला आणि म्हणाली, "काकू, भारी! आता हात न विचारता जातोय." मी म्हटलं, "माझ्याकडून गेलेली वस्तू परत येत नाही." तिनं मला कार्यक्रमाचे दोन पास दिले. तालमीतही तिला ते मध्यंतरानंतरचं गाणं वाजवायला मिळालं नाही, कारण गाणाऱ्या बाई घसा जपत होत्या. हे मला नंतर कळलं.

ह्यांनी यायला नकार दिला. ज्या गाण्यांवर तरुणपणी रडलो त्यांच्यावर आता लोकांना टाळ्या वाजवताना बघवत नाही, म्हणाले. मी एकटीच गेले. नदीपलीकडचं एक मध्यम सभागृह होतं, साडेपाचचा कार्यक्रम, बहुतेक आमच्याच वयाची माणसं. ती मागच्या ओळीत ढोलकीवाल्याच्या शेजारी उभी होती. निळा कुर्ता, आणि इतरांच्या उलट बाजूला जाणारी दांडी. मध्यंतरापर्यंत तिनं फार छान वाजवलं. मला गाण्यातलं कळत नाही, पण चालक दोनदा तिच्याकडे बघून मान हलवताना मी पाहिले.

मध्यंतरानंतर दिवे मंद झाले. सगळं शांत. तिनं तार छेडली, काही ऐकू आलं नाही, तसं ते यायचंच नव्हतं. करंगळी नॉबवर होती. आणि मग एकदम धडाम्. हळूहळू नाही, थोडं-थोडं नाही, सगळा आवाज एका दमात बाहेर. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी कानावर हात ठेवले. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. गाणाऱ्या बाईंनी सुरुवात केली ती चुकून पुढच्या स्वरावर. मुलीनं पटकन नॉब मागे घेतला, आवाज नाहीसाच झाला, परत पुढे नेला, परत गर्जना. शेवटी तिनं तो पूर्ण उघडून ठेवला आणि उरलेला कार्यक्रम मान खाली घालून वाजवला.

माझ्यामागे बसलेले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "डावखुरी आहे ना. होतं असं."

मला बसल्या जागी कळलं होतं. कंट्रोल दोन जातींचे असतात. दिसायला सारखे, फरक फक्त पाठीवर छापलेल्या अक्षराचा. 'बी' असेल तर तो सरळ वाढतो, जेवढं फिरवाल तेवढा. 'ए' असेल तर तो आपल्या कानाच्या हिशेबानं वाढतो. आधी अगदी हळू, मग शेवटी भराभर, म्हणून ऐकणाऱ्याला ते एकसारखं वाटतं. पण 'ए'च्या टोकांच्या तारा बदलल्या तर तो हिशेबही उलटतो. जे शेवटी भराभर व्हायचं ते सुरुवातीलाच होतं. पाव वळणात सगळा आवाज येऊन जातो आणि उरलेलं वळण नुसतं फिरत राहतं. कारखान्यात 'ए' आणि 'बी'चे डबे वेगळे ठेवायचे, अक्षर वाचल्याशिवाय हात घालायचा नाही, हे मी नवीन मुलींना शिकवलेलं. त्या दुपारी पाठीवरचं ते अक्षर माझ्या बोटाखाली होतं आणि मी ते वाचलं नाही. माझं सगळं लक्ष दिशेवर होतं. दिशा मी बरोबर केली होती.

कार्यक्रम संपल्यावर मी आत तिला भेटायला जायला हवं होतं. मी गर्दीबरोबर बाहेर पडले आणि रिक्षा केली. रिक्षावाल्याला उजवीकडे सांगायचं ते डावीकडे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी हात पुसत उचलला.

"काकू, सॉरी," ती म्हणाली. "तुम्ही एवढं छान करून दिलंत आणि मी सगळी घाण केली. माझा हातच थरथरला असेल. चालक म्हणाले, कळवतो. म्हणजे झालंच ते."

इथे एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडात होतं. गॅलरीत हे बसलेले, टेबलावर कुणाचा तरी दुरुस्त झालेला माइक, माझी चोवीस आणि वर सात अशी एकतीस वर्षं. मी म्हटलं, "अगं, होतं असं."

फोन ठेवल्यावर मला स्वतःची लाज वाटली, असं लिहायला आवडेल. पण तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. लाज संध्याकाळी वाटली, पोळ्या करताना.

मग मी स्वतःला समजावलं. नुसतं तोंड घेऊन जाण्यात काय अर्थ आहे, इलाज घेऊन जाऊ. 'ए'च्या बरोबर उलटा असाही एक कंट्रोल असतो, त्याच्या पाठीवर 'सी' असतं. डावखुऱ्या गिटारीला खरं तर तोच हवा. तो मिळू दे, मग जाऊ आणि सगळं सांगू. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत मी दुकानं पालथी घातली. एकानं विचारलं, "सी कोण मागतं?" मी म्हटलं, "मी मागते." तो म्हणाला, "मग तुम्हीच एकट्या." दुसऱ्यानं मुंबईहून मागवतो म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं 'बी' दाखवून तोच 'सी' आहे अशी माझी समजूत घालायचा प्रयत्न केला. मी त्याला अक्षर वाचून दाखवलं आणि चार गोष्टी सुनावल्या. बाहेर येऊन मला कसंसंच झालं, कारण त्याच्यापेक्षा मी बरी नव्हते.

असे सात दिवस गेले. आठव्या दिवशी मी परत पर्स घेऊन निघाले तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडते असा त्यांचा स्वभाव नाही.

"पार्ट शोधते आहेस की मुहूर्त?" त्यांनी विचारलं.

मी चप्पल काढली आणि परत टेबलाशी बसले. डाव्या ड्रॉवरमध्ये 'बी' कंट्रोल होते. हव्या त्या मापाचे पाच. पहिल्या दिवसापासून होते. 'बी'च्या तारा कशाही बदला, तो दोन्हीकडून सारखाच वाढतो. 'सी'इतका सफाईदार नाही, पण त्या मुलीचं काम त्यानं निभावलं असतं, आणि हे मला पहिल्या दिवशीही माहीत होतं. मी एक 'बी' घेतला, सोल्डरिंग आयर्न घेतलं, कामाच्या वहीतून तिचा पत्ता घेतला, आणि स्वारगेटला जाऊन आळंदीची बस पकडली.

घर रस्त्यापासून आत होतं, पुढे दोन म्हशी आणि मागे सात मजली इमारत. तिची आई दारात धुणं वाळत घालत होती. मी कोण ते सांगितलं.

"यावा ताई," ती म्हणाली. "आत हाय ती. आठ दिस झालं, कंपनीतनं आली की खोलीत. जेवायला बी हाका माराव्या लागत्यात."

मुलगी पलंगावर बसली होती आणि मांडीवर गिटार होती. मला पुन्हा काहीतरी खटकलं. त्या दिवशी बेस बघून खटकलं होतं, तसंच, पण उलट. ही गिटार उजवी होती. दांडी इतरांसारखी, सगळ्यांसारखी. तिची डावी गिटार पिशवीसकट कपाटाला टेकवून ठेवलेली होती.

"सरांची आणलीय," ती म्हणाली. "म्हटलं, पहिल्यापासून शिकू. डाव्या हाताचं काही खरं नाही."

तिनं डावा पंजा उघडून दाखवला. आतापर्यंत त्या हातानं तिनं दोन बोटांनी तारा छेडल्या होत्या, ती दोन घट्ट झालेली. उरलेल्या बोटांना दांडीवर तार दाबायची कधीच सवय नव्हती. अनामिकेवर फोड होता, फुटलेला. करंगळीवर दोन.

मी उभ्यानंच सांगायला लागले. 'ए' म्हणजे काय, 'बी' म्हणजे काय, तारा उलट केल्यावर काय होतं, अक्षर कुठे छापलेलं असतं, कारखान्यात तपासणी कशी असते. मी बराच वेळ बोलले असेन. ती ऐकत होती. मग तिनं मधेच विचारलं, "म्हणजे मी हळूच फिरवला होता?"

"हो."

"हात थरथरला नव्हता?"

"नाही. तुझी करंगळी बरोबर होती."

तिनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मला वाटलं, झालं, सुटले. मी पर्समधून तो नवा कंट्रोल काढला.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. काल उघडून पाहिलं असं म्हणता आलं नसतं, गिटार तिच्याकडेच होती, पण विचार करताना लक्षात आलं, असं सहज म्हणता आलं असतं. "त्याच वेळी," मी म्हटलं. "खुर्चीत बसल्या बसल्या."

सरांची गिटार तिनं बाजूला ठेवली, पिशवीतून आपली काढून माझ्यासमोर पालथी घातली, आणि आयर्नची वायर भिंतीत लावून दिली. मी जुना कंट्रोल काढला. पाठीवर 'ए' होतंच. नवा बसवला, डाग दिले. ती तिच्या छोट्या ॲम्प्लिफायरसमोर बसली, तार छेडली आणि फोड आलेली करंगळी दांडीच्या दिशेनं नेली. आवाज आला. हळूहळू, जसा मागितला होता तसा. आई दारात येऊन उभी राहिली. मुलीनं तो सूर आणखी एकदा आणला, आणखी एकदा, आणि मग थांबली.

मी म्हटलं, आता चालकांना फोन लाव, मी बोलते. तिनं लावून दिला. मी कोण, काय झालं, कुणाच्या हातून झालं, सगळं सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, हे तुम्ही त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "मी चार दिवस थांबलो होतो. मुलगी चांगली आहे, म्हटलं बघू. परवा दुसरा घेतला. आता त्याला कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

फोनचा आवाज मोठा होता. तिला ऐकू गेलं.

मी नको म्हणत असताना ती मला स्टॉपपर्यंत सोडायला आली. ऊन उतरलं होतं. आळंदी रस्त्यावर धुळीत पीएमटीच्या बसची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो. मी तिला सांगत होते, की दुसरे ऑर्केस्ट्रा असतात, मी दोघा-तिघांना ओळखते, 'सी' मुंबईहून आला की तोही फुकट बसवून देईन. ती हो हो करत होती.

"काकू, वायरिंग चुकलं त्याचं काही नाही," ती मग म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझ्याकडून ऑफिसात रोज काहीतरी चुकतं. पण आठ दिवस मी माझ्या हाताला शिव्या देत होते. जेवताना, झोपताना. त्याचं काय करू?"

मी तिचा हात धरायला गेले, आणि फोड आहेत म्हणून थांबले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की दुपारपासून मी 'ए' सांगितला, 'बी' सांगितला, टेस्टिंगचा विभाग सांगितला, फोनवर चालकांना सगळं सांगितलं, पण तिला जे सांगायला एवढ्या लांब आले होते ते सांगितलंच नव्हतं.

बस आली. लोक चढायला लागले. "चुकलं माझं," मी म्हटलं. माझ्या आवाजात ते शब्द मला अनोळखी वाटले. कशाबद्दल म्हणते आहे ते तिनं विचारलं नाही. तिनं मान हलवली आणि मला चढायला हात दिला, डावाच.